पोटावर टेकलेली गाडी

भाऊ, काल कँटीनमध्ये तुमची शोकसभा झाली आणि लोक खो खो हसले.

तुम्हाला आवडलं असतं. तुम्हाला जाऊन दहा दिवस झाले होते. फोटोला हार घालून झाला होता, मोठ्या साहेबांचं दोन मिनिटांचं भाषण झालं होतं आणि मौन पाळताना कुणाचा तरी मोबाइल वाजूनही झाला होता. आता कुणी बोलायचं म्हणून सगळे एकमेकांची तोंडं बघत होते. तेवढ्यात मागून त्या गाडीच्या गोष्टीची फर्माईश आली, "जिग्नेशभाई, पेली गाडीवाळी वात करो ने!" मग काय विचारता. पॅकिंगचे जिग्नेशभाई उठले, त्यांनी स्टीलचं ताट टेबलावर पालथं घातलं आणि त्याच्यापुढे एक चमचा आडवा ठेवला. ताट म्हणजे तुमची गाडी आणि चमचा म्हणजे कारखान्याच्या गेटजवळचा स्पीडब्रेकर. ताट चमच्यावर सरकवत त्यांनी दातातून असा करकर आवाज काढला, की पुढच्या रांगेतल्या लोकांनी कान झाकले. "अने पछी भाऊ शुं बोल्या? भाऊ बोल्या, 'उतरा रे सगळे, गाडी दमली!'" अख्खं कँटीन हसलं. वहिनीसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर होते. मला हसू येईना, कारण त्या गोष्टीत चूक तुमची असते आणि ती माझी होती.

हे तुम्हाला सांगायला नको. इतकी वर्षं हे आपल्या दोघांनाच माहीत होतं. आता एकटीला माहीत आहे आणि ते एकटीला पेलत नाही, म्हणून लिहायला बसले.

मी सिल्वासाजवळ मसाटच्या आपल्या स्प्रिंगच्या कारखान्यात लागले तेव्हा मशीनवर काम चालतं त्या भागात मी एकटीच बाई होते. डहाणूहून डिप्लोमा करून आलेली, गळ्यात ओळखपत्र आणि खिशात मापाचा व्हर्नियर. तुम्ही स्प्रिंगा वळायच्या कॉइलिंग विभागाचे फोरमन. पहिल्याच दिवशी तुमच्या मशीनवरची स्प्रिंग मी मोजली आणि मिलिमीटरच्या दोन दशांशांनी जास्त आहे म्हणून परत पाठवली. लोक आता तमाशा होणार म्हणून काम थांबवून बघत होते. तुम्ही ती स्प्रिंग उचललीत, फरशीवर टाकलीत, तिचा आवाज ऐकलात आणि म्हणालात, "बरोबर बोलून राहिली ती. वायरच जाड आली आज." आणि माझ्याकडे वळून, "का गं बाई, तू इन्स्पेक्टर का इन्स्पेक्टरीण?" तेव्हापासून मी इन्स्पेक्टरीण झाले ती झालेच. तुमचा तो आवाज ऐकायचा प्रकार मी नंतर गुपचूप करून बघितला. दहा स्प्रिंगा फरशीवर टाकल्या. मला दहाही स्प्रिंगांचा आवाज सारखाच आला.

ती गाडी तुम्हाला अथालच्या एका शेठच्या गोदामात सापडली. शेठ कारखाना हलवत होते. प्लास्टिकच्या दाण्यांच्या रिकाम्या गोण्यांखाली ती पडून होती. अमेरिकन, दोनच दारांची, डाव्या हाताला स्टिअरिंग, आठ सिलिंडरचं इंजिन आणि पुढे एवढं लांब बॉनेट की त्यावर दोन माणसं आरामात झोपतील. मसल कार म्हणतात ती जात. शेठ तुम्हाला म्हणाले, "भाऊ, आ डबलुं लई जाव ने, जग्या खाली थाय." तुम्ही ते डबडं ट्रॅक्टरला बांधून घरी आणलंत. वहिनींनी ओवाळलं नाही, एवढंच. बाकी जे बोलायचं ते सगळं बोलल्या.

इंजिन सुरू करायला तुम्हाला चार वर्षं लागली आणि त्या चार वर्षांत तुम्ही एकदाही वैतागलेले मी पाहिले नाही. मला याचं नेहमी नवल वाटायचं. आम्ही कारखान्यात एक सेटिंग जमलं नाही तर दुपारपर्यंत डोकं फिरवून घेतो. तुम्ही रविवारी एक नट सोडवायचात, तो नाही सुटला तर त्यावर तेल टाकून पुढच्या रविवारची वाट बघायचात. "घाई त्याला आहे का?" असं नटाकडे बोट दाखवून विचारायचात.

पण गाडी सुरू झाली आणि तुम्हाला नवीनच दुखणं लागलं. तिची उंची. कुणीतरी पूर्वी आपल्याकडचे रस्ते बघून तिच्या पुढच्या स्प्रिंगांखाली जाड चकत्या घातल्या होत्या आणि मागे एकावर एक बसवलेल्या लोखंडी पाट्यांमध्ये ट्रकचा एक जादा पाटा. चिखलातून धोतर वर धरून चालणाऱ्या माणसासारखी ती दिसायची. तुम्ही अंगणात खुर्ची टाकून तिच्याकडे बघत बसायचात आणि म्हणायचात, "ही बसली पाहिजे. पंगतीत मानूस मांडी घालून बसतो ना, तशी. ही उकिडवी बसून राहिली."

आणि इथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायचे, भाऊ, हे सिल्वासा आहे. कंटेनरच्या गाड्यांनी रस्त्याला नाल्या पाडल्यात, पावसाळ्यात खड्डा दिसत नाही, स्पीडब्रेकर तर लोक आपापल्या दारासमोर घालून घेतात. इथे माणूस गाडी उंच करतो, खाली नाही. तुम्ही म्हणायचात, दोन इंच. फक्त दोन इंच. मी म्हणायचे, दिसण्यासाठी? तुम्ही म्हणायचात, "हौ, दिसण्यासाठी. मंग काय वाईट? आन् वळनावर झुकनार पन नाही." शेवटी मी हरले, कारण तुमच्याशी वाद घालताना माणसाला आपणच कंजूस आहोत असं वाटायला लागायचं.

चकत्या काढून तिथे नवीन, आखूड स्प्रिंगा घालायच्या असं ठरलं. मोठ्या साहेबांनी आपल्याच मशीनवर ट्रायल म्हणून त्या वळायला परवानगी दिली, दसऱ्याला गाडी गेटवर आणायची या अटीवर. तुम्ही मला म्हणालात, "गनित तू कर. कागद काढ. मला वाकवता येतं, लिहिता येत नाही." ते खोटं होतं. तुम्हाला सगळं येत होतं. पण मला लागून पाचच वर्षं झाली होती, अजून मी दुसऱ्यांनी केलेलं मोजत होते, आणि माझ्या हातून एक वस्तू घडावी असं तुम्हाला वाटत होतं. हे मला तेव्हा कळलं नाही.

मी गणित केलं. गाडीचं वजन, तारेची जाडी, वेटोळी किती, सगळं. गाडी दोन इंच खाली यायला हवी, म्हणून वजनाखाली स्प्रिंग दोन इंच आखूड. ड्रॉइंगचा कागद काढला, मीच तपासला, सही केली. स्प्रिंगा वळल्या, भट्टीतून काढल्या, वजनाच्या मशीनवर दाबून पाहिल्या. भाऊ, त्या स्प्रिंगा इतक्या अचूक होत्या की मी त्यांचा फोटो काढून आईला पाठवला.

चूक अशी, की ती आपल्यासारख्या लोकांनीच करावी. रस्त्यावरच्या कुठल्याही मेकॅनिकने ती केली नसती. आम्ही स्प्रिंगवाले. आम्हाला स्प्रिंग दिसते ती टेबलावर उभी असलेली, वरून दाबलेली. ती गाडीत कुठे बसते हे आमच्या कारखान्यात कुणी बघत नाही, आमचा माल खोक्यात भरून गेला की संपलं. त्या गाडीत स्प्रिंग चाकावर नव्हतीच. ती चाकाला धरणाऱ्या खालच्या आडव्या लोखंडी हाताच्या मध्यावर बसलेली, आणि चाक त्या हाताच्या टोकाला. मध्ये एक बोट हललं की टोकाला दोन बोटं हलतात. मी स्प्रिंग दोन इंचांनी आखूड केली आणि गाडी चार इंच खाली बसली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्याच्या आवारात तुम्ही गाडी जॅकवरून उतरवलीत तेव्हाच तुम्हाला ती फार खाली वाटली होती. मी म्हणाले, गणित बरोबर आहे, नवीन स्प्रिंग आहे, चार दिवसांत आपली जागा घेईल. वास्तविक नवीन स्प्रिंग बसते ती आणखी खालीच. पण तुम्ही माझं ऐकलंत.

सकाळी सगळ्या मशीनना झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. गाडीलाही माळ. चाकांखाली लिंबं. मोठे साहेब, त्यांच्या पत्नी, सगळे कामगार गेटवर. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आत बसलात, शेजारी जिग्नेशभाई, मागे दोघे. लिंबं चिरडली गेली, टाळ्या पडल्या आणि वीस पावलांवर स्पीडब्रेकर आला. पुढची चाकं पलीकडे गेली आणि गाडी पोटावर टेकली. मग सायलेन्सरचा पाइप सुटून पडला आणि आठ सिलिंडरचा आवाज असा मोकळा झाला की पलीकडच्या कारखान्यातले लोक गेटवर धावत आले. "उतरा रे सगळे, गाडी दमली!" हे तुम्ही खरंच म्हणाला होतात. जिग्नेशभाई एवढं मात्र खरं सांगतात.

मोठ्या साहेबांनी हसत विचारलं, "कॅल्क्युलेशन कुणाचं, भाऊ?"

मी पुढे आले होते. माझ्या मुठीत आपट्याची पानं होती, ती घामाने भिजली होती. मी तोंड उघडलं आणि तुम्ही गाडीखाली वाकलेले तसेच ओरडलात, "माझं, साहेब! पाढेच विसरलो!"

नंतर मी तुमच्याबरोबर गाडीखाली शिरले, पाइप धरायला. मी रडत होते. तुम्ही पाइपला तार गुंडाळत होतात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "ऐक. तू म्हनशील मी चुकले, तर हे लोक म्हनतीन बाई चुकली. मी म्हनलं तर म्हनतीन भाऊ चुकला, आन् चहा प्यायला जातीन. कशाला उगाच? तार ओढ जरा." मग तुम्ही माझ्या मुठीतलं एक पान काढून घेतलंत. "सोनं मला नाही द्यायचं का?"

हे सगळं इथवर असतं तर ती एक चांगली आठवण झाली असती. पण दिवाळीनंतर नव्या मालाचा वेगळा विभाग सुरू व्हायचा होता. डेव्हलपमेंट म्हणून. तेव्हा दोन खुर्च्या आणि एक कपाट एवढाच. पहिली खुर्ची तुमची हे सगळे धरून चालले होते, शिपायापासून. दिवाळीच्या चहाला मोठे साहेब म्हणाले की भाऊंचा हात सोन्याचा आहे, पण कागदाचं काम कागदवाल्याने करावं, दसऱ्याला आपण पाहिलंच. सगळे हसले. मग त्यांनी माझं नाव घेतलं.

मी तुमच्याकडे पळत आले होते. आठवतं ना? मी म्हणाले, मी आत्ता साहेबांकडे जाते. तुम्ही म्हणालात, "गेलीस तर मी तुझ्याशी बोलनार नाही. आन् त्या खुर्चीला खिडकी नाही, मला नको ती." मी थांबले. इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आले की तुम्ही थांबवलंत म्हणून मी थांबले. आज खरं लिहिते. मला थांबायचंच होतं. तुम्ही एकदाच नाही म्हणालात आणि मी तेवढ्यावर बारा वर्षं काढली.

त्यावर कडी म्हणजे, नवीन लोकांना शिकवताना ती गोष्ट मी सांगायला लागले. "स्प्रिंग कुठे बसते ते आधी बघा. आपल्या भाऊंनी एकदा काय केलं..." माझ्या तोंडून, भाऊ! पहिल्यांदा सांगितली तेव्हा जीभ अडखळली. पाचव्यांदा सांगताना मी जिग्नेशभाईंसारखा आवाजही काढला. एकदा तुम्ही दारातून चालला होतात आणि ती ऐकत उभे राहिलात. तुम्ही बाहेर भेटल्यावर एवढंच म्हणालात, "चांगलं शिकवते. फक्त मागच्या पाट्यांचं सांगायचं राहिलं." त्यात टोमणा नव्हता. मी कितीदा शोधला. तुम्हाला खरंच पाट्यांचं राहिलं असं वाटत होतं.

आणि ज्या माणसाचं गणित चुकलं म्हणून लोक हसायचे, त्याने मला गणित कसं शिकवलं ते कुणालाच माहीत नाही. दसऱ्यानंतरच्या रविवारी तुम्ही मला अथालला घरी बोलावलंत, वहिनींच्या ओट्यावरून चिमटा आणलात, माझा अंगठा चिमट्याच्या मध्यावर ठेवलात आणि म्हणालात, दाब. "टोक पाहाय. किती हाललं?" बस्स. कागद नाही, सूत्र नाही. मग गाडीखाली झोपवून तुम्ही तो हात जॅकने वर-खाली करून दाखवलात आणि मी पट्टी धरून मोजलं. स्प्रिंगांचा दुसरा जोड वळला तो त्या मापाने. कागदाशिवाय.

पुढे रबरी बुशांचा, म्हणजे तो हात जिथे अडकवतात तिथल्या रबरी कड्यांचा धडा. गाडी हवेत असताना त्यांचे नट कधी आवळायचे नाहीत. हवेत आवळले तर रबर त्याच स्थितीत धरलं जातं, गाडी खाली उतरली की पिळवटतं आणि महिन्या-दोन महिन्यांत फाटतं. आधी गाडी चाकांवर उभी करायची, माणसं बसवायची, थोडी हलवायची, तिला आपली जागा घेऊ द्यायची आणि मग आवळायचं. तुम्ही शेजारपाजारचे चार जण बोलावलेत. वहिनींना ड्रायव्हरच्या जागी बसवलंत. शेजारचे हवालदार मागे बसले तेव्हा गाडी त्यांच्या बाजूला झुकली आणि सगळ्यांना हसू फुटलं. तुम्ही खालून ओरडलात, "कुनी हसायचं नाही! रीडिंग हालतं!" त्यामुळे आणखी हसू. वहिनी स्टिअरिंग धरून म्हणाल्या, "किती वेळ बसायचं? कुकर लावलाय मी." अर्धा तास पाच माणसं एका न हलणाऱ्या गाडीत गंभीर चेहऱ्याने बसून होती. मी आयुष्यात पाहिलेलं ते सर्वांत नेमकं मोजमाप.

गाडी दोन इंच खाली बसली. दोन म्हणजे दोन. मागे पाटा आणि धुरा यांच्यामध्ये तुम्ही लोखंडी ठोकळे घातलेत, जादा पाटा काढलात आणि ती सपाट, शांत उभी राहिली. मी कबूल करते, सुंदर दिसत होती. आपण तिला खानवेलला नेलं. सागाच्या झाडांमधली ती वळणं तुम्ही अशी घेतलीत की डॅशबोर्डवरचा पेढ्यांचा पुडा जागचा हलला नाही. बसथांब्यावरची माणसं उठून उभी राहिली. येताना तुम्ही चावी मला दिलीत. डाव्या हाताचं स्टिअरिंग, एवढं लांब नाक, मला घाम फुटला होता. प्रत्येक स्पीडब्रेकरला तुम्ही म्हणायचात, "तिरकी घे, तिरकी. एकेक चाक." एकदाही पोट टेकलं नाही. त्या दिवशी मी तुमची माफी मागायला हवी होती. मी पेढा खाल्ला.

मागून अजून अर्धा इंच खाली हवी, असं तुम्ही शेवटपर्यंत म्हणत राहिलात. दवाखान्यातसुद्धा. मी नाही म्हणाले. त्यावर आपलं पटलं नाही आणि आता पटणारही नाही. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर आहे.

तर काल. हसणं ओसरल्यावर मी उभी राहिले. मी म्हणाले, "ते गणित भाऊंचं नव्हतं. माझं होतं. कागद मी काढला होता." एवढं बोलायला मला बारा वर्षं लागली होती, आणि काय झालं सांगू? कुणी विश्वासच ठेवला नाही. जिग्नेशभाईंचे डोळे भरून आले. "मॅडम, तमे बहु मोटा मनना छो. भाऊंची चूक पण स्वतःवर घेता." मोठे साहेब मान हलवत म्हणाले, "याला म्हणतात गुरुभक्ती." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी! मी ओरडले की खरं सांगतेय, तर कुणीतरी मला पाणी आणून दिलं.

फक्त वहिनी हसायच्या थांबल्या होत्या. त्यांना रिक्षात बसवताना त्यांनी माझा हात धरला. "काय बोलून राहिली होती तू आत? खरं आहे?" मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "मी त्यांना किती बोलले असेन, सुलभा. भांडन कशाचंबी असो, शेवटी हेच. 'एक स्प्रिंग धड जमली नाही म्हनून खुर्ची गेली तुमची.' हेच बोलायचे मी. ते हसायचे नुसते." रिक्षावाला गाडी सुरू करून थांबला होता. "मला तरी सांगायचं ना त्यांनी. मी का पेपरात देनार होते?"

भाऊ, हे मात्र मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं की तुम्ही कारखान्यातल्या थट्टेचे धनी झालात, खुर्ची गेली, आणि घरी गेल्यावर ते संपलं. तुम्ही घरीसुद्धा बोलला नाहीत. माझ्या एका चुकीपायी तुम्ही स्वतःच्या स्वयंपाकघरात बोलणी खाल्लीत आणि रविवारी मी आले की त्याच स्वयंपाकघरातून मला चहा दिलात. इतकं मोठं मन मला समजत नाही. मला त्याचं कौतुक वाटतं आणि थोडा रागही येतो, कारण त्याने माझ्या सगळ्या पळवाटा बंद केल्या.

आज सकाळी मी पुरावा आणायला रेकॉर्डचं कपाट उघडलं. तो ट्रायलचा कागद, माझ्या सहीचा. तो दाखवला की टाळ्या बंद होतील. फाइल मिळाली, कागदही मिळाला. मापं माझीच. चूक तीच, जशीच्या तशी. पण अक्षर तुमचं. तुमचा तो सात, मध्ये आडवी रेघ मारलेला. 'काढणार' या चौकटीत तुमची सही, 'तपासणार' रिकामी, आणि शेऱ्यात लिहिलेलं: 'हाताचं माप धरलं नाही. चूक माझी.' लिहिता येत नाही म्हणणाऱ्या माणसाने माझा अख्खा कागद पुन्हा काढला होता, चुकीसकट, पट्टी लावून, आणि माझा कुठे टाकला ते तुम्हालाच ठाऊक. मी कपाटासमोर खाली बसले. शिपायाला वाटलं चक्कर आली.

म्हणजे आता कुठेच काही नाही. तुम्ही काम इतकं चोख केलंत की मी खरं बोलले तरी ते चांगुलपणा ठरतं. पण तुमची एवढी एकच गोष्ट मी ऐकणार नाही, भाऊ. मी हे सगळं लिहून काढलं आणि दुपारी अथालला वहिनींकडे गेले. काल रिक्षा सुटताना त्या म्हणाल्या होत्या, लिहून आण, आधी मला वाचून दाखव. मी वाचलं. चिमट्याचं आलं तिथे त्या हसल्या. खुर्चीचं आलं तेव्हा उठून पाणी प्यायल्या आणि परत येऊन बसल्या. पूर्ण झाल्यावर मी विचारलं, हे उद्या कँटीनच्या फळ्यावर लावू का? लोक पुन्हा म्हणतील की मॅडम मोठ्या मनाच्या.

वहिनी म्हणाल्या, "म्हनू दे. रोज लाव. आन् खाली नाव टाक तुझं. हुद्द्यासकट टाक. त्यांचा होता तो."

टाकते, वहिनी.

पहिल्या जोडाचं गणित मी केलं. तपासलं मी. चुकले मी.

सुलभा,
प्रमुख, डेव्हलपमेंट विभाग